सेवा, वेठ आणि नोकरीची जाहिरात

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची चिखलीहून आमच्याकडे खामगावला आली होती. पुण्याला राहून तिने अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम पुरा केला आहे आणि संगणकावरच्या खेळांसाठी चित्रे काढण्याचे काम तिला हवे आहे. फराळ आटोपल्यावर तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. "मामा, हे पाहा बरं. अर्ज करू का मी?"

खेळ बनवणाऱ्यांसाठी नोकऱ्यांच्या जाहिराती जिथे लागतात, तिथली ती जाहिरात होती. चित्रकार पाहिजे, रोज किमान पाच तास काम, मुदत सहा महिने, अमुक सॉफ्टवेअर यायलाच हवे, आधीच्या कामाचे नमुने जोडा. अटींची ही माळ संपल्यावर शेवटची ओळ होती : काम स्वयंसेवी स्वरूपाचे आहे, खेळ चांगला विकला गेल्यास नफ्यात वाटा देण्याचा विचार करू.

"अन् पगार?" आमच्या सौ.नी विचारले.

"पगार नाही मामी. अनुभव भेटते म्हणतात."

माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "मग कर की! अनुभव महत्त्वाचा." सौ.नी माझ्याकडे नुसते पाहिले आणि हातातला चकलीचा तुकडा मला तोंडात घालवेना. त्या पाहण्यात तेरा वर्षांचा हिशेब होता.

आशेवरचा पगार

२००३ साली बी.एड.चे प्रमाणपत्र घेऊन मी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत रुजू झालो. शाळा 'कायम विनाअनुदानित' होती. म्हणजे सरकार मान्यता देणार, पण पगारासाठी पैसा देणार नाही. संस्थेकडे पैसा नव्हताच. हजेरीपट होता, घंटा होती, मुले होती, फक्त पगार नव्हता. २००९ साली शासनाने 'कायम' हा शब्द काढला. शब्द गेला, तरी हातात काही पडायला आणखी सात वर्षे गेली. २०१६ च्या सप्टेंबरात पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांची हीच कहाणी आहे. कोणी रात्री रिक्षा चालवली, कोणी दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेले. आमचे घर सौ.च्या शिलाई मशीनवर चालले.

वाचकहो, माझी कहाणी एवढीच असती, तर ती मी फार अभिमानाने सांगितली असती. पण तिचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. २०११ साली आमच्या शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता आणि अक्षर बरे म्हणून जाहिरातीचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला गेला. मी लिहिले : 'शिक्षक पाहिजेत. सेवाभावी वृत्तीच्या उमेदवारांनी प्रत्यक्ष भेटावे.' सेवाभावी म्हणजे बिनपगारी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. वाचणाऱ्याला नव्हते. संग्रामपूर तालुक्यातला एक हुशार मुलगा आला, दोन वर्षे मन लावून शिकवले आणि वडिलांचे कर्ज वाढल्यावर निघून गेला. जाताना तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "सर, जाहिरातीत तेवढं लिहिलं असतं तर बरं झालं असतं." ते वाक्य अजून माझ्या कानातून गेलेले नाही.

शेगावची सेवा

मग फुकट केलेले सगळेच काम वाईट का? तसे म्हणायला आमच्या जिल्ह्यात तरी जीभ रेटणार नाही. खामगावहून शेगाव किती लांब! श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आळीपाळीने येतात, पांढऱ्या वेषात भाविकांची चप्पल सांभाळतात, फरशी पुसतात, पंगतीत वाढतात. मोबदला घेत नाहीत. उलट आपली पाळी कधी लागेल याची वाट पाहतात. संस्थानाला शिस्तीची ही घडी घालून देणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले, तरी ती घडी मोडली नाही.

ही सेवा आणि माझी ती शाळा, यांत फरक कुठे आहे? मी बराच विचार केला, तेव्हा चार गोष्टी दिसल्या. सेवेकऱ्याची चूल दुसरीकडे पेटते. शेती, दुकान, नोकरी सांभाळून तो येतो. त्याची पाळी ठरलेली असते, ती संपली की तो घरी जातो. त्याच्या घामावर कोणाची खासगी तिजोरी भरत नाही. आणि चौथी गोष्ट, त्याला कोणी 'उद्या पगार मिळेल' असे गाजर दाखवलेले नसते. त्याच शेगावात १९८३ पासून संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथले प्राध्यापक पगारावर शिकवतात. एकाच गावाने सेवा आणि नोकरी यांची गल्लत होऊ दिली नाही.

श्रमदानाचेही तसेच. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१८ साली मोताळा तालुक्यातले सिंदखेड गाव राज्यात वरच्या क्रमांकावर आले. ऐन उन्हाळ्यात, पहाटे नि रात्री, बाया-माणसांनी कुदळ-फावडी चालवली. त्यांना मजुरी मिळाली नाही. पण अडवलेले पाणी त्यांच्याच शिवारात मुरणार होते. जो राबला, त्याच्याच गावाचा लाभ झाला.

शब्दांची झूल

आता दुसरी बाजू पाहा. गावातली आशाताई बाळंतिणीला मध्यरात्री दवाखान्यात नेते, घरोघरी नोंदी करते. सरकारी भाषेत ती 'स्वयंसेविका'. अंगणवाडीची योजना १९७५ सालची. पण अंगणवाडी सेविकेला मिळते ते 'मानधन', पगार नव्हे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हटले गेले. सेवा, मान, स्वयंप्रेरणा हे सारे शब्द सुंदर आहेत. अडचण एवढीच की बैलावर झूल टाकली, तरी खाली खांद्याला जू असतेच.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली आहे. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचे प्रकरण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. किमान वेतनाहून कमी दामात कोणी राबत असेल, तर परिस्थितीची सक्तीही सक्तीच होय, असा त्या निकालाचा आशय होता. डोक्यावर कोणी काठी घेऊन उभे नसते, पण पोटाची काठी असते. बेकारीत 'अनुभव' या शब्दाचीही काठीच होते.

खेळ कोणाचा, मेहनत कोणाची?

संगणक खेळांच्या दुनियेत हा वाद जगभर आहे, आणि दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे आहे. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी हौसेने, दुसऱ्या एका खेळात फेरफार करून उभा केला. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेऊन त्यांना कामावर घेतले. पगाराशिवाय कामच नको, असा दंडक तेव्हा असता, तर असले उपद्व्याप झालेच नसते. आपल्या पुण्यातही नॉडिंग हेड्स या लहानशा कंपनीने भारतीय पुराणकथांवर 'राजी' हा खेळ केला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. अशा उद्योगांत सुरुवातीला पैशांची ओढाताण असते, हे खरे.

शिवाय चिखली-मेहकरच्या पोराला पहिली संधी देतो कोण? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. फुकट कामाची दारे सरसकट बंद केली, तर त्याची उरलेली फटही बंद होईल, असे काही म्हणतात.

मला हे अर्धेच पटते. कारण सहा महिने फुकट राबणे परवडते कोणाला? ज्याचा बाप पुण्यातल्या खोलीचे भाडे भरू शकतो, त्याला. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या घरातल्या मुलीला नाही. म्हणजे फुकटचे दार गरिबासाठी उघडे आहे असे दिसते, पण आत शिरतो सधनच. आणि एकाने फुकट केले, की दुसऱ्याच्या कामाचा दामही पडतो.

म्हणून माझे मत असे की हौसेच्या, बिनपगारी कामांची जाहिरात जरूर यावी, पण 'नोकरी' या मथळ्याखाली नव्हे. तिचा रकाना वेगळा, नाव वेगळे, आणि पगार नाही ही ओळ शेवटी नव्हे, पहिली. काम किती दिवसांचे, नफा झाला तर कोणाचा, काढलेल्या चित्रावर नाव आणि हक्क कोणाचा, हे तिथेच लिहिलेले असावे. आणि विक्रीसाठी माल बनवणाऱ्या कंपनीला त्या रकान्यात जागा नसावी. मित्रांनी मिळून घर बांधायला घेतले, तर विटा उचलायला आपण आनंदाने जातो. बांधकामाच्या ठेकेदाराने 'सेवाभावी गवंडी पाहिजेत' म्हटले, तर आपण हसतो. खेळाच्या बाबतीतही हसता आले पाहिजे.

त्या रात्री मी भाचीला माझ्या २०११ च्या जाहिरातीची गोष्ट सांगितली. आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. ती काही बोलली नाही. सकाळी उठून तिने जाहिरातदाराला हेच प्रश्न लिहून पाठवले. तीन दिवसांनी उत्तर आले : सध्या उत्साही लोकांनाच प्राधान्य आहे. प्रश्नांचे उत्तर त्यात नव्हते, आणि होतेही.

सध्या ती लग्नपत्रिकांची चित्रे करून चार पैसे मिळवते, आणि रात्री दोन मैत्रिणींबरोबर लोणारच्या सरोवरावर एक खेळ रचते आहे. पैसा त्यातही नाही. पण काम सुरू करण्याआधी तिघींनी एका कागदावर आपापले वाटे लिहिले आणि खाली सह्या केल्या. तो कागद तिने मला मोबाईलवर पाठवला आणि विचारले, "मामा, अक्षर बरं आलं का?"

मी उत्तर लिहिले, "माझ्यापेक्षा बरं."