उमरठच्या बायका आणि झिजलेले खुबे

तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीला रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरजवळच्या उमरठला यंदाही माणूस दाटला होता. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगडावर पडलेल्या सुभेदारांचं हे गाव. पण वरच्या वाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या खाली आल्याच नाहीत. उभा जन्म डोंगर चढला-उतरला, त्यांना आता घराची पायरी उतरवत नाही. तेव्हापासून मागची वर्षं मनातून हलत नाहीत.

जुन्या काळाचं थोडक्यात सांगता येईल. पुरुष मुंबईला गिरणीत. १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामावर. शेती बायकांच्या अंगावर. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांची कवळ तोडून डोक्यावरून आणायची, दिवसभर वाकून लावणी करायची, भाताचे भारे, मोळ्या, पाण्याचे हंडे वाहायचे. वर्षानुवर्षं शेतात जड ओझी वाहणाऱ्यांना खुब्याचा संधिवात अधिक होतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आमच्याकडे लंगडणाऱ्या बाईला मात्र एकच उत्तर मिळे : ‘वात आहे, वय झालं.’

मला बोलायचं आहे ते २०१० ते २०२० या दशकाबद्दल, कारण तेव्हा आमची थोरली काकी त्या उत्तराखाली भरडली गेली.

तिचं दुखणं गुडघ्यात होतं, म्हणजे तसं वाटत होतं. खुब्याची कळ जांघेत येते आणि पुष्कळदा गुडघ्यापर्यंत उतरते. गावच्या मालिशवालीने गुडघा चोळला, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी गुडघ्यातच सुया दिल्या. मांडी घालता येईना, चपलेत पाय सरकेना, तरी खुब्याकडे कुणी पाहिलं नाही. मुंबईत एक्स-रे निघाला तेव्हा सांध्यातली फट संपली होती. मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि कमरेच्या हाडातली वाटी यांच्यामध्ये गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तपुरवठा नसतो, म्हणून झिजली की भरून येत नाही. मग हाडावर हाड घासतं, कडेला हाडाचे काटे वाढतात, सांधा आखडतो. गोळ्या आणि व्यायाम पुरेनासे झाले, रात्रीची झोप उडाली, की शस्त्रक्रिया उरते : खराब माथा काढून कृत्रिम माथा आणि वाटी बसवायची. सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ केलेली ही शस्त्रक्रिया लाखोंना चालतं करून गेली. काकीलाही केलं, पण बैलजोडी विकून.

त्याच दशकात डिप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात जात होते. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवलेले होते. भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. ज्यांनी घरदार गहाण टाकून हा खुबा घेतला, त्यांच्याबाबतीतला हा उशीर अक्षम्य आहे.

उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र २०२० च्या वाढीव यादीत आली, तीही कोविडने दवाखाने अडवले तेव्हाच. २०१४ नंतर घरोघरी शौचालयं झाली, तीही उकिडवं बसायची. झिजलेल्या खुब्याची बाई तिथे बसणार कशी, हे कुणी विचारलं नाही.

याच मुलखात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाने मरणारी माणसं वाचवली, कारण त्यांनी इथलं दुखणं नशिबावर सोडलं नाही. सांध्यांच्या वाट्याला तेवढी आस्था यायला हवी. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ ठरलेल्या वारी बसलाच पाहिजे.

आणि घरच्यांनो, आई-काकीच्या जांघेत दुखत असेल, तिला मांडी घालता येत नसेल, तर गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे काढा. वेळेत कळलं तर वजन आटोक्यात ठेवून, व्यायामाने आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातातल्या काठीने पुष्कळ वर्षं निभावतात. शस्त्रक्रिया सांगितली तर घाबरू नका, पण योजनेच्या यादीतलं रुग्णालय आधी विचारा. जमीन-जनावर नंतर.