जिथे पुतण्यानं काकाला वाचवलं

बालमित्रांनो, बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना तुम्ही काय करता? गाडीत झोपा काढता ना? पुढच्या वेळी गेवराई आली की जागे व्हा आणि बाबांना म्हणा, "जरा नदीकडे वळू या!" कारण याच तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर, राक्षसभुवन नावाचं गाव आहे.

नाव ऐकून दचकू नका. तिथं राक्षस-बिक्षस काही नाही! आहे ते शांत खेडं, नदीचा काठ आणि शनिदेवाचं देऊळ. शनीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक मानतात. त्यामुळे शनिवारी अमावास्या आली की इथं गर्दीच गर्दी. एरवी मात्र निवांत.

पण एके काळी याच काठावर तोफा धडाडल्या होत्या, बरं का!

पानिपतावर 1761 साली मराठ्यांचा मोठा पराभव झाला. थोरला भाऊ विश्वासराव तिथं पडला. त्याच वर्षी वडील नानासाहेब पेशवेही गेले आणि अवघ्या सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. म्हणजे आजच्या दहावी-अकरावीच्या मुलाएवढे! कारभार आपल्याच हाती असावा, असं काका रघुनाथरावांना वाटे. 1762 साली काकांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याशीच लढाई केली. घरातल्या भांडणात राज्य बुडू नये म्हणून माधवराव स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. मग काकांच्या पहाऱ्यात राहावं लागलं.

पुढच्याच वर्षी निजामानं पुणं लुटलं, जाळलं. आता काका-पुतण्या एकत्र निघाले. 10 ऑगस्ट 1763 रोजी त्यांनी निजामाची फौज राक्षसभुवनला गाठली. ऐन पावसाळा! गोदावरी दुथडी भरलेली. निजाम काही फौजेसह पलीकडे पोचला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मात्र उरलेलं सैन्य घेऊन अलीकडेच होता. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली.

लढाई घनघोर झाली. रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले. आता सांगा, ज्या काकांनी आपल्याला पहाऱ्यात ठेवलं, त्यांच्यासाठी तुम्ही धावला असता का? माधवराव धावले! ताज्या दमाची फौज घेऊन ते तुटून पडले आणि लढाईचं पारडं फिरलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावर निजाम हतबल. मधे पूर होता ना! या विजयानंतर कारभाराची सूत्रं माधवरावांकडे येऊ लागली. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त अठरा.

आता काठावर उभे राहून पाण्याकडे बघा. ही तीच गोदावरी. पण तिची चाल बदलली आहे. वरच्या अंगाला पैठणला जायकवाडी धरण आहे. ते 1976 साली पूर्ण झालं. उन्हाळ्यात इथलं पात्र बरंचसं कोरडं पडतं. पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले की काठच्या गावांना सावध राहावं लागतं.

आणखी एक. गोदावरीच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा होतो. वरून पाणी गुडघाभर दिसतं, पण खाली पुरुषभर खड्डा असू शकतो. म्हणून कितीही मोह झाला तरी पाण्यात उतरायचं नाही. काठावरच बसा, आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खा. कागद, पिशव्या मात्र परत गाडीत!

घरी आल्यावर एक काम करा. तुमच्या गावच्या नदीकाठी काय काय घडलं, ते आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कोण जाणे, तुमच्याही नदीच्या पोटात अशीच एखादी गोष्ट दडलेली असेल!