ताडीची पारख घड्याळावर

ताडावरून सकाळी उतरवलेल्या मडक्यातला पहिला घोट गोड लागतो. त्या गोडीखाली हलकी चुरचुर असते आणि वास ओल्या कणकेसारखा आंबूस. दहा-अकरा वाजेपर्यंत गोडी मागे पडते, आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवू लागतो, फेस वाढतो. ऊन कलले की तीच ताडी कडक झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होऊ लागतो. एकाच दिवसात इतकी रूपे बदलणाऱ्या पेयाला चांगले किंवा वाईट ठरवायचे, तर आधी विचारावे लागते : मडके उतरवले केव्हा?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अच्छाड हे गाव आहे. त्यापुढे गुजरात सुरू होतो आणि १९६० मध्ये स्थापन झाल्यापासून ते राज्य दारूबंदीचे आहे. ताड मात्र दोन्हीकडे उभे आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला परवाना घेऊन झाड छेदता येते आणि ताडी विकता येते. सीमा ओलांडली की तीच ताडी गुन्ह्यात जमा होते. तलासरी-डहाणूच्या वारल्यांच्या जगण्यात हे झाड फार खोल गेलेले आहे. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस आणि शेंड्याला टांगलेली मडकी पुन्हा पुन्हा दिसतात. तारपा या वाद्यातही भोपळा, बांबू यांच्या जोडीला ताडाचे पान असते.

ताडी तयार कशी होते हे कळले की तिची परीक्षा सोपी होते. फुलोऱ्याची पोय बांधून ठेवतात, तिच्या टोकाचा पातळ काप घेतात आणि खाली मडके लावतात. काप रोज नवा घ्यावा लागतो, नाहीतर रस आटतो. झिरपणारा रस गोड असतो. त्यात साखर साधारण दहा ते चौदा टक्के. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते आणि सूर्योदयापूर्वी उतरवलेली ती नीरा. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यात मुरलेले यीस्ट, जीवाणू लगेच कामाला लागतात. दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू आंबटपणा आणतात, यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, शेवटी शिरक्याचे जीवाणू त्या अल्कोहोलचा ताबा घेतात. पारदर्शक रस दुधाळ दिसतो तो या सूक्ष्मजीवांच्या गर्दीमुळे. काही तासांत अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे साध्या बिअरइतके. उन्हाळ्यात ही सगळी घाई वाढते, थंडीत सकाळची गोडी जास्त वेळ टिकते. म्हणून जानेवारीतली दुपारची ताडी आणि मे महिन्यातली दुपारची ताडी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

अशा सौम्य पेयाची पारख किती गंभीरपणे करता येते, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या ‘डार्क माइल्ड’ बिअरमध्ये सापडते. गडद तपकिरी रंगाची, तीन ते पावणेचार टक्के अल्कोहोलची ही बिअर तिथल्या गिरण्या-खाणींतले कामगार पाळी संपल्यावर पीत. एकोणिसाव्या शतकात ती बरीच कडक असे, पण पिंपात मुरवत न ठेवता ताजीच विकली जाई. पहिल्या महायुद्धातली धान्यटंचाई आणि करवाढ यांनी तिचे बळ उतरवले. पुढे ती जवळजवळ मागे पडली, तेव्हा १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅमरा’ या बिअरप्रेमींच्या संघटनेने तिची बाजू घेतली. २००७ मध्ये याच संघटनेच्या स्पर्धेत ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली ती ‘हॉब्सन्स माइल्ड’, अवघ्या ३.२ टक्क्यांची.

बिअरच्या स्पर्धांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या, ‘बीजेसीपी’ या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जडपणा-हलकेपणाला ५ आणि एकंदर छापेला १०. अल्कोहोल किती चढते याला स्वतंत्र रकानाच नाही. कडक पेयात अल्कोहोलचा चटका लहानसहान दोष झाकून टाकतो. सौम्य पेयाला हा आडोसा मिळत नाही. पाणचटपणा असो की शिळा वास, लगेच उघडा पडतो. माइल्डमध्ये परीक्षक भाजलेल्या माल्टची, टॉफीची चव शोधतात आणि एवढ्या कमी अल्कोहोलमध्येही घोट भरलेला लागतो का, ते पाहतात.

हीच गुणपत्रिका ताडीला जशीच्या तशी लावली तर मात्र अन्याय होईल. ‘झायमोमोनास’ नावाचा जीवाणू इंग्लंडच्या पिंपातल्या बिअरमध्ये शिरला की तिला कुजक्या सफरचंदाचा वास येतो, ती बिअर बाद. ताडी आंबवण्यात याच जीवाणूचा मोठा वाटा असतो. गढूळपणा, आंबट छटा, न थांबणारा फेस हे तिथले दोष. ताडीत ते नसतील तर उलट शंका घ्यावी. रकाने तसेच ठेवावेत, त्यांतल्या अपेक्षा ताडीच्या असाव्यात. रूप दुधाळ. वासात यीस्ट आणि पिकलेले फळ, शिरक्याचा झटका नको. चवीत गोडी आणि आंबटपणा यांची जोडी, शेवटी तोंड स्वच्छ. घोट पाण्यासारखा निसटत असेल तर पाणी घातलेले असण्याची शक्यता मोठी. आंबटपणा भरपूर असूनही चिकट गोडी मागे रेंगाळत असेल तर सॅकरिनचा संशय घ्यावा.

आणि कडवट, घशाला बोचणारी चव आली तर पेला खाली ठेवावा. ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन मिसळण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि तेलंगणात उघडकीस आलेले आहेत. डायझेपाम, अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधेही मिसळली जातात, आणि ती ओळखायला जीभ पुरत नाही, प्रयोगशाळाच लागते. अशा ताडीची सवय लागलेल्या माणसाने ती एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो. ‘चढली पाहिजे’ ही एकच कसोटी धरणाऱ्या गिऱ्हाइकामुळे या भेसळीला बाजार मिळतो. ताजी ताडी फारशी चढत नाही, हा तिचा कमीपणा नव्हे.

पिणारा आणि झाड यांच्यातले अंतर वाढायला इंग्रजांच्या कायद्याने मोठा हातभार लावला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडांवर कराचा बोजा वाढला आणि विक्री मक्त्याच्या दुकानांकडे गेली. स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा रस काढणे गुन्हा ठरू लागले. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली ‘देवी’ चळवळीची लाट डहाणू-उंबरगाव करत दक्षिण गुजरातेत पोहोचली. अंगात देवी आलेल्यांच्या तोंडून हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडण्याचा आदेश ऐकला आणि तो मानला. दुकाने ओस पडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर आख्खे पुस्तक लिहिले आहे. तिच्यामागे दुकानदार आणि सावकार यांच्या पिळवणुकीविरुद्धचा राग होता, हे त्यातून स्पष्ट होते. ताडीवर लिहिणाऱ्याने हा भाग गाळू नये. व्यसनाने घरे मोडतात, हे तलासरीतही तितकेच खरे आहे.

डहाणूत खादी ग्रामोद्योग आयोगाची ताडगूळ संस्था आहे. जून २०२० मध्ये आयोगाने तिथे २०० कारागिरांना नीरा काढण्याची आणि गूळ करण्याची साधने दिली. तिथे मडक्याची स्वच्छता आणि उतरवण्याची वेळ यांना जे महत्त्व दिले जाते, तेच परवानाधारक ताडीच्या दुकानात यायला हवे. त्यासाठी फार खर्च नाही. झाड कोणत्या गावचे आणि मडके किती वाजता उतरवले, एवढे दोन तपशील फळ्यावर खडूने लिहिले, तर गिऱ्हाईक पहिल्या घोटाआधीच निम्मी परीक्षा करू शकेल. उरलेल्या निम्म्यासाठी अन्न व औषध प्रशासनाने अधूनमधून नमुने तपासून निकाल त्याच फळ्याशेजारी लावावा.