अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि कामगाराचा हक्क

'अ‍ॅस्बेस्टॉस' हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ 'न विझणारा'. हे तंतुमय खनिज जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्तही पडते. म्हणूनच सिमेंटचे पत्रे, पाइप, बॉयलरची वेष्टणे, गाड्यांचे ब्रेक यांत त्याचा सढळ वापर झाला. अशा पत्र्याखाली आपल्यापैकी कितीतरी जण वाढले, मीही त्यांतलाच.

धड असलेला पत्रा फारसा उपद्रव देत नाही. घातक असते ती तो कापताना, फोडताना उडणारी धूळ. तिच्यातील सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात रुततात. फुप्फुस हळूहळू निबर होऊन धाप लागते, हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याहून भीषण.

खरी मेख पुढेच आहे. हे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. तोवर कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कधी कारखानाच बंद पडलेला असतो. मग आजार कामामुळेच झाला, हे सिद्ध कसे करावयाचे?

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात याचाच विचार केला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या फेरतपासणीत आजार सिद्ध होणाऱ्या कामगारास कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत, असेही ठरले.

१९२३ च्या भरपाई कायद्यातील व्यावसायिक रोगांची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. कामगार राज्य विम्याखाली असेल तर विमा महामंडळाकडे, नसेल तर मालकाकडून भरपाईसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

मित्रहो, आपल्या घरी कोणी पत्र्याच्या कारखान्यात किंवा दारूखान्यात जहाजे तोडण्याचे काम केले असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. हजेरीपत्र, पगारपत्रक, विमा कार्ड, जुने क्ष-किरण फोटो रद्दीत घालू नका. चाळीस वर्षांनंतर कामगाराच्या बाजूने बोलणारा साक्षीदार बहुधा तो कागदच असतो.