रुग्णालयांची जाहिरात : मुभा कशाला, मनाई कशाला

• आचारसंहिता, २००२ : तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या या नियमांनुसार डॉक्टरांनी जाहिरातीतून रुग्ण मिळवणे गैरवर्तन ठरते.

• मुभा : दवाखाना सुरू होणे, पत्ता बदलणे, रजेवर जाणे-परतणे आणि शुल्क यांची सूचना, कारण रुग्णाला तिची गरज असते.

• मर्यादा : या नियमांखालील कारवाई नोंदणीकृत डॉक्टरांपुरती असते. रुग्णालय चालवणारी कंपनी तिच्या थेट कक्षेत येत नाही.

• कट प्रॅक्टिस : रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे. याच नियमांनुसार मनाई.

• १९५४चा कायदा : मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर औषधाने इलाज होतो, अशा जाहिरातींना बंदी.

• एनएबीएच : रुग्णालयाच्या गुणवत्तेची बाहेरून तपासणी करून मान्यता देणारी संस्था. मान्यता मूलतः ऐच्छिक असते. त्यामुळे ती नसणे म्हणजे निकृष्ट सेवा, असे नव्हे.