विश्लेषण : बंदूक टाकली, हातबॉम्ब उचलले... व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांनी इटलीत काय केले होते?

१६६३ मध्ये लाल महालावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मुघल फौजेला चकवल्याची कथा पुणेकरांना पाठ असते. शिवरायांचा जयघोष करणाऱ्या मराठा पलटणीतील २३ वर्षांच्या शिपायाने दुसऱ्या महायुद्धात इटलीत काय केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांना त्या पराक्रमासाठी ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्य सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१५ फुटांची नदी एवढी अवघड का?

तारीख ९ एप्रिल १९४५. सेनिओ नदीचे पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट. खरी अडचण होती काठांवरच्या ३० ते ३५ फूट उंच पूरबंधाऱ्यांची. जर्मनांनी ते आतून पोखरून मोर्चे उभारले होते, पूर्वेकडच्या बंधाऱ्यावर सुरुंगही पेरले होते.

जाधव कंपनीचे ‘रनर’ होते. निरोप पोहोचवणे हे त्यांचे काम. कंपनी कमांडरसोबत नदी ओलांडताच किमान तीन मोर्च्यांतून गोळीबार सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्या तुकडीतील बाकीचे, जाधव वगळता, सगळे ठार झाले.

एकदा नव्हे, तीनदा

जाधव यांनी एका जखमीला उचलून खोल पाणी, खडा चढ आणि सुरुंगपट्टा पार करत सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन दुसऱ्याला नेले. इथे थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. ते तिसऱ्यांदा गेले आणि टॉमी गनने पहिला मोर्चा बंद पाडला. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपल्यावर बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन साथीदारांकडून आणखी आणले. उरलेले दोन मोर्चेही त्यांनी संपवले.

त्यानंतर तोफगोळे पडत असतानाच ते बंधाऱ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठा युद्धघोषणा देत उरलेल्या जवानांना हाताने पलीकडे बोलावू लागले.

याआधी कोण?

भारतीय सैनिक या सन्मानासाठी पात्र ठरले तेच मुळी १९११ मध्ये. जाधव यांच्या नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ रोजी, याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे इटलीत लढताना धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. जाधव मात्र परतले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.