लाइन बिझी आहे!

किर्रर्र... टिंग टिंग... खर्रर्र! आवाज ओळखलात ना? मग तुमच्याही घरात कधीतरी डायल-अप मोडेम होता!

२००४ साल. मी दुसरीत, दादा इंजिनिअरिंगला. कोथरूडच्या आमच्या घरात एकच लँडलाइन आणि तिलाच जोडलेला मोडेम. रात्रीची जेवणं झाली की दादा नेट लावायचा आणि आईचं ठरलेलं वाक्य यायचं, "पंधरा मिनिटांत उठ हं, कुणाचा तरी फोन येईल!" पण ५६ केबीपीएसचा मोडेम अगदी फुल स्पीडने पळाला, तरी चार एमबीचं एक गाणं उतरायला साडेनऊ मिनिटं. आणि फुल स्पीड मिळतोय कुठे!

मोडेम कॉम्प्युटरच्या डेटाचा आवाज करायचा आणि तो आपल्या बोलण्याच्याच वाटेने टेलिफोनच्या वायरीतून जायचा. म्हणजे नेट चालू, फोन बंद. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर कितीतरी घरांत यावरून वाजलं असेल!

आमच्याकडे मात्र एका रात्री भलतंच झालं. साताऱ्याहून काका तासभर फोन लावत होते. एंगेज. आजोबांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. शेवटी त्यांनी शेजारच्यांकडे निरोप दिला. बाबा तसेच निघाले, पण आजोबांची भेट झाली नाही.

दादाला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. त्याने मात्र कितीतरी दिवस मोडेमला हात लावला नाही.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं 'डेटावन' ब्रॉडबँड आलं. सरकारच्या २००४च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान स्पीड ठरवला होता २५६ केबीपीएस. म्हणजे तेच गाणं दोन मिनिटांत! पण दादाने हट्ट धरला तो एका छोट्या डबीसाठी, स्प्लिटरसाठी. वायर तीच; बोलणं खालच्या फ्रिक्वेन्सीवर, डेटा वरच्या. नेट चालू असतानाही फोन वाजणार!

कनेक्शन लागलं त्या दिवशी दादाने गाणं-बिणं काही उतरवलं नाही. नेट चालू ठेवून साताऱ्याला फोन लावला. "काका, आता तुम्ही इकडे करून बघा ना." घंटी वाजली, तेव्हा बाबा उठून आत गेले.

अमेरिकेत एओएलने ३० सप्टेंबर २०२५ला आपली डायल-अप सेवा बंद केली. ती बातमी मी दादाला फॉरवर्ड केली आणि कानात हेडफोन घालून ऑनलाइन मीटिंगला बसले. दोन तासांनी मोबाइल पाहिला. दादाचे दोन मिस्ड कॉल, आईचे तीन.

लाइन मोकळीच होती. एंगेज होते ती मी!

आईला फक्त माझा आवाज ऐकायचा होता म्हणे. तुमच्या मोबाइलवर कितीजण वेटिंगला आहेत? मीटिंग संपली की एकदा बघाच!